देवाची उजवी

पाच वर्षं माझा देवाशी अबोला होता. दिवा लावत होते, फूल वाहत होते, उपास करत होते. पण देवापुढे अवाक्षर काढत नव्हते. नवऱ्याशी भांडण झालं तरी बाई त्याचं ताट वाढते, पाण्याचा तांब्या ठेवते, फक्त बोलत नाही, तसं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, आमची सून पूजा अगदी मन लावून करते. मी तोंड मिटून करत होते, एवढंच.

कारण होतं मधू, माझा पहिला मुलगा. आमचं गाव तळकोकणात, कणकवलीच्या वरच्या अंगाला. तिथं कौल लावल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. पेरणी असो, सोयरीक असो, नाहीतर दुभती म्हैस विकायची असो, आधी देवाला विचारायचं. विचारायची रीतही साधी. मूर्तीला पाण्यानं ओलं करून तिच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी चिकटवायची, गुरवानं प्रश्न घालायचा आणि वाट बघत उभं राहायचं. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणतो, डावी पडली तर नको म्हणतो. मधू पाच वर्षांचा होता. श्रावणात तापानं फणफणला. डॉक्टर नदीपलीकडे. नदीला पाणी होतं, पण होडी चालू होती. न्यावं की न न्यावं म्हणून घरच्यांनी कौल लावला. गाभाऱ्यात गुरव आणि पुरुषमाणसं. आम्ही बायका बाहेर खांबाच्या आड. गुरव बाहेर आला आणि म्हणाला, डावी पडली, देवाची मर्जी नाही. मी घरी जाऊन बसले. तीन दिवस त्याच्या कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलत राहिले. चौथ्या दिवशी पहाटे मधू गेला. सगळे म्हणाले, देवाची इच्छा. मी मनात म्हटलं, असेल त्याची इच्छा, पण आता माझ्याकडून त्याला शब्द मिळायचा नाही.

पुढं दोन वर्षांनी यजमानांना देहूरोडला मिलिटरीच्या डेपोत काम लागलं आणि आम्ही घाट चढून वर आलो. जवळच पवनेच्या काठच्या एका गावात शेतकऱ्याच्या घरामागची खोली मिळाली. आम्ही चौघं: यजमान, सासूबाई, मी आणि मधूच्या पाठची विमल. तेव्हा पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना नुकता उभा राहत होता आणि गावातली माणसं नांगर सोडून सायकलवर डबा अडकवून कामाला जाऊ लागली होती. गावाबाहेर भैरोबाचं देऊळ होतं. त्याचा गुरवसुद्धा पिंपरीला कामाला लागला. देवाला रोज आंघोळ घालणारा माणूसच औषधं करायला निघाला हे ऐकून मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान एकाला तरी उमजलं.

गुरव नसला की देवळाचं सगळं त्याची म्हातारी आई बघायची. बघायची म्हणायचं इतकंच, कारण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ठकूआजी तिचं नाव. भिंतीला हात लावत लावत ती झाडलोट करायची आणि चाचपूनच देवाला शेंदूर लावायची. मी दर रविवारी सासूबाईंच्या सांगण्यावरून देवळात जात असे, तेव्हा ती म्हणायची, "कोकनातली का गं? पाय वाजत न्हाईत तुजे. देवाला बी चाहूल लागू दीत न्हाईस." मी उंबऱ्यावर फूल ठेवून निघायची.

आम्हाला तिथं येऊन वर्ष झालं असेल. एका सोमवारी सकाळी विमलनं दूध तोंडातून बाहेर काढलं. दोन दिवस तिचा घसा दुखतच होता, मी मीठ-हळदीच्या गुळण्या देत होते. त्या सकाळी मात्र तिची मान सुजलेली दिसली. तोंड उघडून बघितलं तर आत घशाला पांढरी साय धरलेली, आणि श्वास घेताना घरघर असा आवाज. घरमालकीण दारातूनच म्हणाली, "ह्यो घटसर्प हाय बाई. गळा आवळतोय पोरीचा. पुन्याला न्ये, टाइम लावू नगंस." यजमान पहाटेच डेपोत गेलेले. फाटकाच्या आत गेलेल्या माणसाला निरोप पोचायलाच दुपार व्हायची. मी विमलला चादरीत गुंडाळलं आणि निघाले, तर सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या.

"देवाक इचारल्याबगर चेडवाक खंय नेवचा नाय," त्या विमलकडे बोट करून म्हणाल्या.

मी म्हटलं, "एकदा विचारलं होतं. पुरे झालं नाही का?"

आजवर मी त्यांना उलट बोलले नव्हते. त्यांचा चेहरा कोरा झाला, पण त्या हलल्या नाहीत. त्या वाईट नव्हत्या. मधू गेल्यावर त्यांनीही आठवडाभर तोंडात अन्न घातलं नव्हतं. पण भीतीनं माणूस दगड होतो, तशा त्या उभ्या होत्या. विमलला त्यांनी माझ्या हातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "कौल घेवन ये. तोपर्यंत मी हिका घेवन बसतंय." हिसकाहिसकी करायला त्या पोरीत जीव नव्हता. मी देवळाकडे पळत सुटले.

ठकूआजी ओटा सारवत होती. मी धापा टाकत तिला सांगितलं तशी ती म्हणाली, "गुरव न्हाई गं. म्या आंधळी, कळी पडल्याली दिसायची कशी मला?" मी म्हटलं, "तुम्ही लावा, मी बघते." आयुष्यात पहिल्यांदा मी गाभाऱ्याच्या आत, देवासमोर उभी होते. आजीनं तांब्यातलं पाणी शेंदरी मूर्तीवर घातलं, चाचपून दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक कळी चिकटवली आणि मोठ्यानं विचारलं, "भैरोबा, पोरीला पुन्याला न्येऊ का? न्येयाची असंल तर उजवी दे." मग आम्ही गप्प उभ्या राहिलो. एक कळी सुटली आणि खाली पडली.

"कंच्या हाताला पडली?" आजीनं विचारलं.

मी माझा उजवा हात उचलून बघितला. हो, घाईत माणसाला स्वतःचा हातही उचलून बघावा लागतो. कळी त्याच बाजूला पडली होती. "उजव्या," मी म्हटलं.

आजीनं देवाच्या दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला, पाणी पुसून काढावं तसा. मग अंगाऱ्याची चिमूट माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "मंग हुबी कशाला? देवानं उजवी दिली. पळ."

मी घराच्या अंगणातूनच ओरडले, "उजवी पडली!" सासूबाईंनी विमलच्या कपाळाला अंगारा लावला आणि तिला माझ्या हातात दिलं.

मुंबई-पुणे रस्त्यावर पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. गाडीला वेळ होता, आणि विमलकडे तेवढा वेळ नव्हता. रस्त्यात मधोमध उभी राहिले. मिलिटरीचा एक ट्रक कचकन ब्रेक लावून थांबला. ड्रायव्हर लांबच्या मुलखातला, मराठीचा गंध नाही. खिडकीतून त्यानं मला दोन खरमरीत शब्द ऐकवले. मग चादरीतून येणारी घरघर त्याच्या कानावर गेली. त्यानं दार उघडलं, "बैठो बहनजी," इतकंच म्हणाला आणि आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, खडकी सगळं मागे टाकत थेट इस्पितळाच्या दाराशी नेऊन थांबवलं. विमलला उचलून आतही त्यानंच नेलं. मी वळून बघते तो ट्रक निघून गेलेला. लोक म्हणतात, तो भैरोबाच होता. मी एवढंच सांगेन की त्याच्या अंगाला पेट्रोलचा वास येत होता आणि मला त्याचं नाव कधीच कळलं नाही. रोज दिवा लावताना मी त्याची आठवण काढते.

डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता. त्यांनी लगेच इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं दुसरं द्यायचं होतं. नर्सबाईंनी विमलला मांडीवर घेतलं, तिचं तोंड माझ्याकडे केलं आणि म्हणाल्या, "डाव्या हाताला मघाशी सुई टोचली आहे. आता उजवा धरा." मी समोरून पुढं होऊन हात धरला. त्या खेकसल्या, "अहो बाई, तुमच्या उजव्या हाताकडचा नव्हे! मुलीचा उजवा! ती तुमच्याकडे तोंड करून बसलीय ना?"

मी हात बदलला. आणि तेव्हा आठवलं. भैरोबासुद्धा माझ्याकडे तोंड करून उभा होता.

माझी उजवी, ती देवाची डावी. खांबाआडच्या बाईला गुरवाच्या तोंडून ऐकायचीच सवय. समोर उभं राहून बघताना उजवी कुणाची धरायची, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे देवानं नको म्हटलं होतं. मधूच्या वेळी म्हटलं तसंच. आणि मी त्याच्या नाकावर टिच्चून पोरीला घेऊन आले होते.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. विमलच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती, त्या नळीतून तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. तो वाजला की वाटायचं, आहे. थांबला की वाटायचं, नेली, वसूल केली त्यानं. यजमान ड्यूटी संपवून यायचे, शेजारी बसायचे, पण त्यांनाही सांगायची छाती झाली नाही. मी हिशोब मांडायची आणि तो कसाही मांडला तरी कडूच निघायचा. देवाचा कौल खरा असेल, तर ही पोर मी चोरून आणलेली आहे आणि आज ना उद्या परत द्यावी लागणार. आणि कौल खोटा असेल, तर मधूच्या वेळी मी कुणाचं ऐकून घरी बसले? होडी चालू होती. मला पोहता येत होतं. एका कळीच्या शब्दावर मी माझ्या मुलाला मरू दिलं? रात्रंदिवस हेच. देवाचा मला इतका राग कधीच आला नव्हता, आणि तरी श्वासाची शिट्टी थांबली की ओठांवर त्याचंच नाव यायचं. ते मी दातांखाली दाबून धरायची.

विमल जगली. महिन्याभरानं नळी काढली. तिचा आवाज मात्र तेव्हापासून घोगरा झाला, तो कायमचा. घरी आलो त्या दिवशी सासूबाईंनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्या गावाला सांगितलं की देवानं उजवी दिली म्हणून पोर वाचली. मी मान खाली घालून ऐकलं.

येणाऱ्या रविवारी ठकूआजीकडे गेले. म्हटलं, शिव्या द्यायच्या तर देऊ दे, पण हे ओझं आता पेलवत नाही. देवळाच्या पायरीवर तिच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि हसली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "म्या हात फिरवून पाह्यलं न्हाई व्हय? देवाच्या उजव्या खांद्याला कळी तशीच हुती."

मला क्षणभर अर्थच लागेना. "मग तुम्ही उजवी दिली असं का म्हणालात? देवाच्या नावानं खोटं बोललात?"

"नावच ठकू ठिवलंय माज्या बापानं," ती म्हणाली. मग हसणं थांबवून सावकाश बोलली, "तू बोलत हुतीस तवा तुजा जीव घशात आला हुता, बाई. मला आंधळीला त्यो ऐकू आला. देवाला आला नसंल व्हय? कळी काय, वाऱ्यानं बी पडती. म्या कळीचं ऐकू का तुजं?"

खरं तर मी तिचे पाय धरायला हवे होते. पण माझ्या आत जे इतकी वर्षं साठलं होतं ते सगळं तिच्यावरच फुटलं. मी म्हटलं, "मग माझ्या मधूच्या वेळी कुठं होता तुमचा ऐकू येणारा देव? तिथं का नाही कुणी खोटं बोललं? आमचा गुरव डोळस होता, सज्जन होता, दिसलं ते खरं सांगून मोकळा झाला. माझ्या मुलासाठी एक लबाड माणूस का नाही ठेवला त्यानं?"

ठकूआजीनं चाचपत माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. "त्ये मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "ठावं हाय म्हनले, तर त्ये मातूर खोटं हुईल."

इतक्या वर्षांत मधूबद्दल मला कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. तरी माझा अबोला सुटला नाही. विमलसाठी उपकार मानायला जावं, तर मधू आडवा यायचा. दोन मुलांची आई एका डोळ्यानं हसू शकत नाही.

दोन वर्षांनी थंडीत ठकूआजी गेली. गुरव शिफ्टला, म्हणून रविवारची झाडलोट मी करू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. अशाच एका रविवारी एक तरुण बाई तान्ह्या पोराला घेऊन आली. मराठवाड्याकडची, नवरा बांधकामावर. मूल तापानं मलूल पडलेलं, डोळे वर लागलेले. तिच्याही घरी कुणी तरी उंबऱ्यात आडवं उभं असावं. तिनं स्वतःच मूर्तीला पाणी घातलं, कळ्या लावल्या, आणि पुटपुटली, "दवाखान्यात न्येऊ का?" कळी पडली. ती माझ्याकडे वळली.

"मावशी, ही कोन्ची म्हनायची ओ? मला यातलं काई कळंना."

मी बघितलं. आता मला उजवं-डावं चुकत नव्हतं. कळी देवाच्या डाव्या हाताला पडली होती.

"उजवी," मी म्हटलं. "जा. पळ."

दहाएक दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हा हात मोकळे होते. मी केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिले. वाटलं, आता ही माझ्या अंगावर येईल, आणि येऊ दे, कारण या वेळी चूक नव्हती, मी जाणूनबुजून खोटं बोलले होते. पण ती देवासमोर बसली, पदराच्या गाठीतून एक झेंडूचं फूल काढून वाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अडीच दिस डाक्टरच्या हातात व्हता, मावशी. लई झटले त्ये. मीबी हातपाय मारले. देवानं जा म्हनलं, म्या न्येलं. आता कुनाला बोल लावू? देवबी माझ्यासंगट व्हता, तरी ऱ्हायला न्हाई." मग ती तिथंच कपाळ टेकून मोकळ्या गळ्यानं रडली. डोळे पुसून उठली, माझ्या पाया पडली आणि गेली.

मी तिला खरं सांगितलं नाही. कधी सांगणारही नाही.

ती गेल्यावर मी गाभाऱ्यात बसून राहिले. तिचं मूल गेलं आणि माझंही गेलं. दोघींची कळी डावीच पडली. पण तिच्या देवानं तिला जा म्हटलं होतं, रस्ताभर तो तिच्याबरोबर चालला होता, आणि म्हणून ती त्याच्यापाशी येऊन रडू शकत होती. मी पाच वर्षं रडले नव्हते. माझा देव मला डावी देऊन नदीच्या अलीकडे उभा राहिला, असंच मी धरून बसले होते. गुरव म्हणाला, लोक म्हणाले, कळी म्हणाली. देवाला स्वतःला मी काही बोलूच दिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझा राग त्याच्यावर नव्हताच. मी उठले नाही, होडीत बसले नाही, याचा तो राग होता. तो मला पेलवेना म्हणून मी त्याच्या अंगावर टाकला. आणि त्यानंही तो मुकाट्यानं पाच वर्षं अंगावर घेतला. मधल्या काळात एका आंधळ्या म्हातारीचा हात आणि एका परक्या माणसाचा ट्रक पाठवून माझी मुलगी मला परत दिली, आणि माझ्याकडून एका शब्दाची अपेक्षा केली नाही.

मधू का गेला, याचं उत्तर मला आजही ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे म्हटलं तर ते मात्र खोटं होईल. ती कडू चव जिभेवरून जाणार नाही. मी ती घेऊनच देवळात जाते. शरण जाणं म्हणजे सगळं गोड मानून घेणं, असं मला वाटायचं. तसं नसावं. सगळं कडू असताना त्याच्याकडेच तोंड करून बसणं, एवढं मला जमतं.

त्या दिवशी सकाळी कुणीतरी लावलेल्या कौलातली मूर्तीवर उरलेली कळी मी काढून बाजूला ठेवली, ओले खांदे पदरानं पुसले आणि पाच वर्षांनी तोंड उघडलं. म्हटलं, "माझा मधू तुझ्याजवळ आहे ना? त्याला पाण्याची भीती वाटते. हात धर त्याचा."

उत्तर आलं नाही. मी कळी लावलीच नव्हती.